यवनदेशीं समुद्रतीरावरील भोजन

परदेशगमनाची गोष्ट निघाली म्हणजे घरांतील वडीलधाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न "तेथें जेवणाचें कसें?" हाच असतो. तरुणांस हा प्रश्न हास्यास्पद वाटतो; आम्हांस तो तसा वाटत नाहीं. माणूस काय खातो, कोणाच्या हातचें खातो आणि कोणाच्या पंक्तीस बसतो, या गोष्टी जन्मभराच्या संवयीच्या असतात. विमानाचें तिकीट काढलें म्हणून त्या घरीं ठेवून जातां येत नाहीं.

ग्रीस देशीं आम्ही उभयतां गेलों तेव्हां हीच अडचण पुढें उभी राहिली. मांस, मासे व अंडीं यांचा संपर्क झालेलें अन्न आमची सहधर्मिणी घेत नाहीं. अथेन्स शहरीं चार दिवस तिनें पाव, फळें व दहीं यांवर काढले. भूक ही प्रवासाचा आनंद हळूहळू खाऊन टाकते. प्राचीन मंदिरांच्या स्तंभांकडेही तिचें लक्ष लागेना, आणि "अहो, आपण परतूं या," हे शब्द तिच्या तोंडीं येऊं लागले.

पांचव्या दिवशीं आम्ही नाफ्प्लिओ गांवीं आलों. अथेन्सहून मोटारबसनें सुमारें अडीच तासांच्या वाटेवर, आर्गोसच्या आखाताकांठीं हें टुमदार गांव आहे. समोर समुद्रांत बूर्त्सी नांवाचा चिमुकला जलदुर्ग, आणि पाठीशीं उंच कड्यावर व्हेनिसकरांनीं १७११ ते १७१४ या काळांत बांधलेला पालामिदीचा किल्ला. आमच्यासारख्या कोंकण पाहिलेल्या माणसास हा देखावा अगदींच परका वाटत नाहीं. तुर्की सत्तेंतून मुक्त झालेल्या ग्रीसची राजधानी १८३४ पर्यंत येथेंच होती. त्या राष्ट्राचे पहिले शास्ते कापोदिस्त्रियास यांचा १८३१ सालीं येथील एका देवळाच्या दाराशींच खून झाला.

सायंकाळीं आम्ही धक्क्यावर गेलों. साध्या खाणावळीस तेथें 'ताव्हेर्ना' म्हणतात. एकीच्या दाराशीं दोरीवर अष्टपाद नांवाचे जलचर वाळत घातलेले पाहून सहधर्मिणी मागें वळली. तोंच आंतील तरुणानें अदबीनें आमची अडचण विचारली. आम्हीं ती इंग्रजींत सांगितली. क्षणभर विचार करून तो म्हणाला, "निस्तीसिमो?"

हा शब्द आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. त्याचा अर्थ 'उपासास चालणारें'. तेथील ख्रिस्ती धर्मांत बुधवार व शुक्रवार हे उपासाचे वार असून ईस्टरपूर्वीं मोठें व्रत असतें. कडकपणें पाळणाराचे वर्षांतील जवळजवळ निम्मे दिवस उपासाचे होतात. त्या दिवशीं मांस, अंडीं, दूध, सर्व वर्ज्य. मात्र रक्तहीन म्हणून शिंपले व अष्टपाद त्यांस चालतात. यास्तव तेवढें निराळें विचारून घ्यावें.

तरुणानें आपल्या आजीस हांक मारली. ती वृद्धा बाहेर आली, "कोरी मू", म्हणजे "माझ्या मुली", असें म्हणून तिनें आमच्या साठीच्या सहधर्मिणीचा हात धरला, आणि तिला थेट चुलीपाशीं नेलें. पाहुण्यास आंत नेऊन झांकणें उघडून दाखविण्याची तेथील खाणावळींची जुनी चाल आहे. सहधर्मिणीनें हातानें मासा करून दाखवीत शुद्ध मराठींत विचारलें, "आजी, यांत हें नाहीं ना?" वृद्धेनें हनुवटी वर उचलली, तेथें नकार असाच देतात. त्यांचा 'ने' मात्र होकार असतो, हें आधीं ठाऊक असलेलें बरें.

मग पानें मांडलीं गेलीं. पिवळ्या डाळीचें घट्ट 'फावा', म्हणजे तूप-हिंगावांचून आपलें वरणच. ऑलिव्हच्या तेलांत व टोमॅटोंत शिजलेले टपोरे पांढरे घेवडे. उकडलेल्या रानभाज्यांवर लिंबू. आणि द्राक्षवेलीच्या पानांत भात गुंडाळून केलेलीं 'दोल्मादेस', जीं पाहून अळूवडीची आठवण व्हावी. तेथें पदार्थ मध्यें ठेवून सर्वांनीं त्यांतून खाण्याची रीत आहे. आम्हीं वेगळीं ताटें मागितलीं, तीं कांहीं न विचारतां मिळालीं. सहधर्मिणी पांच दिवसांनीं पोटभर जेवली.

शेवटीं रव्याचा गोड पदार्थ आला. तो तुपाऐवजीं तेलांतला शिराच होता. कृति विचारतां वृद्धेनें बोटें मोडून सांगितलें: 'एना' तेल, 'दियो' रवा, 'त्रिया' साखर, 'तेसेरा' पाणी. एक, दोन, तीन, चार मापें! द्वि, त्रि, चतुर् हे शब्द जन्मभर शिकविले. पण या भाषा सख्ख्या बहिणी आहेत हें त्या वृद्धेच्या बोटांवर जसें पटलें, तसें व्याकरणाच्या पुस्तकांत पटलें नव्हतें.

हिशेबांत पावाचेही पैसे होते, शिऱ्याचे नव्हते. तो घरचा मान. आपल्या स्मृतिकारांनीं अन्नविक्रय हलका मानला. परंतु या खाणावळींत किंमत अन्नाची घेतली, अगत्याची नव्हे. ग्रीक भाषेंत परका व पाहुणा यांस 'क्सेनोस' हा एकच शब्द आहे. होमरच्या काव्यांत आलेल्या परक्यास आधीं जेवूं घालून मग नांव-गांव विचारतात. अतिथीस देव मानण्याची आज्ञा आपल्या तैत्तिरीयोपनिषदांतही आहे.

पण एक विचार मनांतून जात नाहीं. कार्ल्याच्या चैत्यगृहांतील कित्येक स्तंभ यवनांनीं दान दिल्याचे लेख तेथें कोरलेले आहेत, आणि तें दान या भूमीनें आनंदानें घेतलें. पुढें मात्र आपल्या सोंवळ्यांत असा परका पडवीपलीकडे कधीं आला नाहीं. त्याच्या आजीनें आमच्या माणसास चुलीपर्यंत नेलें. आहाराचा नियम आणि माणसाचा विटाळ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिला आम्ही त्या रात्रीं अक्षरशः पाळला, आणि त्यासाठीं दुसऱ्याची गरज लागली नाहीं. घरोघरच्या वडील मंडळींनीं याचा विचार करावा, एवढीच विनंती.