मुलींचा सामना आणि कडेची माणसे

पावसाळा सरला की महाविद्यालयांचे सामने सुरू होतात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे आहेत. त्यामुळे आमच्या रेणापूर भागातल्या पोरी कधी उदगीरला, कधी थेट नांदेडकडे खेळायला जातात आणि तिकडच्या इकडे येतात. खो-खो आणि कबड्डी हे आपल्याकडचे आवडीचे खेळ. सुट्टी असली की आम्ही पाहायला जातो. कचेरीतले लोक हसतात. ‘भाऊसाहेब, पोरींच्या खेळात काय बघायचं असतं?’ आम्ही सांगतो, एकदा या आणि बघा. पण खरे सांगायचे तर त्यांच्यापैकी काहींना आणावे की नाही, असाच प्रश्न पडतो. मुलींच्या सामन्याला येणारे सगळेच खेळ पाहायला आलेले नसतात.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ मुली मधल्या पाटीवर ओळीने बसतात, एकीचे तोंड इकडे, दुसरीचे तिकडे. नववी पळते. मागून हाताचा स्पर्श आणि ‘खो’ मिळेपर्यंत बसलेल्या मुलीला उठता येत नाही. उठली तर फाऊल. म्हणजे चार मुलींची तोंडे आपल्या बाजूच्या गर्दीकडे असतात. या गर्दीतून कुणी तिच्या चड्डीवर, रंगावर, अंगावर बोलले तर तिने काय करावे? उठता येत नाही, उत्तर देता येत नाही. पुन्हा काही टवाळ मुद्दाम मधेच ‘खो’ ओरडतात. एखादी नवखी मुलगी फसून उठते, पंचाची शिट्टी वाजते आणि हे टाळ्या पिटतात. गर्दी सरकत सरकत फक्कीच्या रेषेवर येते, ते वेगळेच. खांबाजवळ मुली सूर मारतात. तिथे मोटारसायकल लावून तिच्यावर बसलेली पोरेही आम्ही पाहिली आहेत.

आमच्या वस्तीतली एक मुलगी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील लातूरच्या आडत बाजारात हमाली करतात. एका सामन्याला ते कामावरून तसेच आले, खांद्यावर टॉवेल, अंगावर पोत्याची धूळ. मुलगी चांगली खेळली. पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या दोघा पोरांनी, हा बाप आहे हे माहीत नसताना, तिच्या रंगावरून सुरुवात केली आणि ‘कुठल्या वस्तीतली’ इथपर्यंत आले. ते शब्द आम्ही इथे छापायला देणार नाही. बाप एक शब्द बोलला नाही. रात्री घरी मात्र सांगितले, उद्यापासून मैदान बंद.

आम्ही त्यांच्याकडे तीन वेळा गेलो. त्यांचे म्हणणे एकच. ‘दादा, तुम्ही म्हणता पोरगी खेळली पाहिजे. कबूल. पण त्या पोरांना कोण काय म्हणलं? एवढी माणसं होती, शिकलेली होती.’ यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

तिसऱ्या वेळी आम्ही त्यांना वंदना कटारियाची हकिगत सांगितली. 2021 चे टोकियो ऑलिंपिक. करोनामुळे मैदानात प्रेक्षक नव्हते, खुर्च्या रिकाम्या. हॉकीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारत 4-3 ने जिंकला आणि वंदनाने एकाच सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये असे करणारी ती पहिली भारतीय महिला. वडील मे महिन्यात वारले होते. सराव शिबिर सोडून ती अंत्यविधीलाही गेली नव्हती. पुढे 4 ऑगस्टला उपांत्य सामन्यात भारत अर्जेंटिनाकडून हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादला तिच्या घरासमोर फटाके वाजले. संघात दलित मुली जास्त झाल्या म्हणून हरलो, असे म्हणत जातीवरून शिव्या दिल्या, अशी तक्रार घरच्यांनी केली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, अटकही झाली. मैदानात जायला बंदी होती, तर ही माणसे घरापर्यंत गेली.

बाप गप्प होता. चुलीपाशी बसलेल्या आईने विचारले, ‘मग त्या पोरीनं खेळ सोडला का?’

नाही. 2022 मध्ये तिला पद्मश्री मिळाली. एप्रिल 2025 मध्ये निवृत्त झाली तेव्हा तिचे 320 आंतरराष्ट्रीय सामने झाले होते.

पुढच्या सामन्याला ती आईच आली आणि सोबत वस्तीतल्या बारा-पंधरा बाया, भाकरी बांधून. पोरे जिथे उभी राहतात नेमक्या तिथेच, फक्कीपासून पाच हात सोडून त्यांनी सतरंजी अंथरली. एक पोरगा सवयीने काही बोलला. एका आजीने मान वळवून विचारले, ‘कोणाचा रं तू? तुझी बहीण कोणत्या संघात हाय?’ तो तिथून गेला तो दिसलाच नाही. आमच्या सगळ्या बैठकांपेक्षा हे एक वाक्य कामी आले.

मात्र आपलीही पोरे यात मागे नाहीत, हे लिहिलेच पाहिजे. समोरच्या संघातल्या मुलीची नक्कल करणारे आपल्या वस्तीतही आहेत. त्या दिवशी काहींनी सामना चालू असतानाच घोषणा धरल्या. आम्ही त्यांना थांबवले. घोषणा सामना संपल्यावर द्या. आत्ता मुलींना एकमेकींचा ‘खो’ ऐकू येत नाही. ते रागावले. परभणीकडची एक बुटकी मुलगी आपल्या पोरींना हुलकावण्या देत बराच वेळ हाती लागली नाही, तिला सतरंजीवरून टाळ्या पडल्या, त्याचाही त्यांना राग आला. परंतु बायांना खेळ कळू लागला होता.

खो-खोला लहान समजणाऱ्यांनी शेजारच्या धाराशिवकडे पाहावे. तिथल्या सारिका काळेला 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असे हरवले.

मुलगी आता पुन्हा सरावाला जाते. वडील अजून मैदानावर येत नाहीत. संध्याकाळी बाजारातून आले की हातपाय धुता धुता विचारतात, आज किती फाऊल झाले. मग आई सांगते, पळणारीने मधेच दिशा बदलली म्हणून पंचाने शिट्टी दिली, आणि ते म्हणतात, ‘असं असतंय व्हय?’