सेल तोच, नळी वेगळी

'सुरक्षित बॅटरी कोणती?' या प्रश्नावर संपादकांनी लेख मागितला, पण मला तो प्रश्नच अपुरा वाटतो. बॅटरी कोणत्या उपकरणात बसली आहे, तिच्यातून किती प्रवाह ओढला जातो आणि बिघाड झालाच तर आतला वायू कुठून बाहेर पडतो, हे कळल्याशिवाय तिला सुरक्षित किंवा धोक्याची ठरवता येत नाही. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ई-सिगारेट देते. भारतात २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद झाली. साठवण वगळता पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरुणांना लागणारे निकोटिनचे व्यसन पाहता ही बंदी मला योग्यच वाटते. मग धार, देवास, सरदारपूरच्या वाचकाने या बंद वस्तूचा विचार का करावा? कारण तिच्या अनेक प्रकारांत वापरला जाणारा सेल गव्हाला रात्री पाणी द्यायला नेतात त्या टॉर्चमध्ये असतो आणि अनेक पॉवर बँकांमध्येही असतो. बंदी आली ती उपकरणावर, सेल मात्र बाजारात खुला आहे.

या सेलला १८६५० म्हणतात: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५. अडीच अँपिअर-तासांच्या सेलमध्ये साधारण नऊ वॅट-तास, म्हणजे सुमारे बत्तीस हजार ज्यूल ऊर्जा असते. शंभर ग्रॅम पाण्याला उकळी आणायला एवढी उष्णता पुरते. धन आणि ऋण पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा अगदी पातळ पडदा असतो. पॉलिएथिलीनचा पडदा १३० अंशांच्या सुमारास वितळतो. त्याच्याही आधी ऋण पत्र्यावरचा संरक्षक थर मोडू लागतो, त्यातून उष्णता निघते, ती पुढच्या विक्रियेला वेग देते आणि मग तापमान कुणाच्या हाती राहत नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये हेच सेल देखरेख करणाऱ्या सर्किटसह बसवत. अनेक ई-सिगारेटमध्ये सेल अरुंद धातूच्या नळीत असतो. वायूचा दाब वाढला की नळीचे सर्वांत कमकुवत टोक उडते, आणि ते टोक बहुधा तोंडाकडे किंवा खिशात असते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या, बातम्यांतून समोर आलेल्या १९५ घटना तपासल्या. त्यांत १३३ जणांना इजा झाली, ३८ जणांची इजा गंभीर होती. जवळजवळ दोन तृतीयांश घटना उपकरण खिशात किंवा वापरात असताना घडल्या. सेलची रसायनविद्या लॅपटॉपमधलीच होती, घर बदलले होते.

उपकरणाची निवड इथे निर्णायक ठरते. काही ई-सिगारेटमध्ये प्रवाह मर्यादित ठेवणारे सर्किट असते. काही नुसत्या 'मेकॅनिकल' असतात: बटण दाबले की सेल थेट तारेच्या वेटोळ्याला जोडला जातो. वेटोळ्याचा रोध ०.१ ओहम आणि सेल ४.२ व्होल्टवर पूर्ण भरलेला, तर ओहमच्या नियमाने ४२ अँपिअर. ज्या सेलची सलग क्षमता २० अँपिअर आहे त्याच्याकडून दुपटीहून जास्त काम करून घेणे याला अपघात म्हणताच येत नाही. त्यावर मला हमखास ऐकावे लागते, 'मग फॉस्फेटवाली बॅटरी घ्या, ती पेटत नाही.' हे अर्धसत्य मला वर्षानुवर्षे छळते. लोह-फॉस्फेट सेलमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, म्हणून तो निकेल-कोबाल्टच्या तुलनेत फार उशिरा सुटतो, हे खरे. पण आतला द्रव दोन्हींत ज्वलनशील कार्बोनेटचाच. फॉस्फेट सेल तापून फुटला की बाहेर पडणाऱ्या वायूत हायड्रोजनचे प्रमाण मोठे असते, आणि बंद खोलीत तो साठला तर ज्वाळेऐवजी स्फोट होऊ शकतो. रसायन बदलल्याने धोक्याची तऱ्हा बदलते, काळजी संपत नाही.

दुसरा आक्षेप महाग कंपनीचा. नामांकित कंपनीचा माल घेणे शहाणपणाचेच, तरी २०१६ मध्ये जगातल्या बड्या कंपनीला आपला महागडा फोन पेटत असल्यामुळे बाजारातून परत घ्यावा लागला. बोईंगची ७८७ विमाने २०१३ मध्ये बॅटरीमुळेच जमिनीवर थांबली. खरी सुधारणा पूर्ण रचना तपासल्यावर होते. मार्च २०२२ मध्ये पुण्यात विजेवरची स्कूटर पेटली, देशात इतरत्रही गाड्या जळाल्या, आणि त्यानंतर एआयएस-१५६ हे बॅटरी-सुरक्षेचे मानक कडक करून १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू करण्यात आले. सेल, पॅक, सर्किट, चार्जर सगळे त्याच्या कक्षेत आले. गाड्यांच्या चाचण्यांचे मोठे केंद्र, नॅट्रॅक्स, आपल्याच धार जिल्ह्यात पिथमपूरला आहे, याचा मला अभिमान वाटतो. त्याच जिल्ह्यात वैशाखात पत्र्याच्या शेडखाली, नुकत्याच चालून आलेल्या गाडीला लगेच चार्जर लावला जातो, याचे तितकेच दुःख होते.

सुट्या सेलचे म्हणाल, तर वेष्टनावर '९९००' लिहिलेला सेल घेऊच नका. या आकारात बाजारात रुळलेल्या उत्तम सेलची धारणाही ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. शंका असली तर दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून पाहा, खऱ्या सेलचे वजन साधारण ४५ ग्रॅम भरते. तीस ग्रॅम भरले तर परत द्या. पंचेचाळीस भरले तरी खात्री धरू नका, कारण बनावट सेलमध्ये वजनासाठी भुकटी भरलेलीही सापडते. आणि घेतलाच, तर नाण्यांच्या किंवा किल्ल्यांच्या खिशात सुटा टाकू नका. दोन्ही टोके धातूने जोडली गेली की क्षणभर शंभर अँपिअरच्या घरातला प्रवाह वाहू शकतो.