प्रवरेच्या उलट दिशेने

भंडारदऱ्याला सायकलने जाणारे बहुतेक जण घोटीहून निघतात. इगतपुरीपर्यंत रेल्वे मिळते, अंतर कमी पडते आणि बारीच्या घाटात कळसूबाई अगदी समोर उभी राहते. मला मात्र संगमनेरहून निघून अकोले, राजूर, रंधा असा वर जाणारा लांबचा रस्ता आवडतो. या रस्त्याला प्रवरेची सोबत असते. नदी खाली येत असते आणि आपण तिच्या उलट दिशेने वर चढत असतो. पाणी कुठून येते हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि सामानाने भरलेल्या पिशव्या मागच्या चाकाला लटकवून पिंडऱ्यांना कळणे वेगळे.

सुरुवातीला चढ असा जाणवतच नाही. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच टोमॅटोचे मांडव, मोटारींची घरघर. खरे पाहता हा कमी पावसाचा मुलूख, पण त्यावर हिरवाई पसरली आहे ती वरून येणाऱ्या पाण्याची. अकोले मागे पडले की विठ्याचा घाट लागतो आणि सायकल हलक्या गिअरवर आणावी लागते. राजूर ओलांडल्यावर हवेचा वास बदलतो. सप्टेंबर संपत आलेला असेल तर ओल्या मातीत भाताच्या लोंब्यांचा किंचित गोडसर वास मिसळलेला असतो. उसाच्या जागी आता खाचरे दिसू लागतात. रंध्याच्या धबधब्याचे पाणी वरच्या धरणातून किती सोडले आहे यावर अवलंबून असते, पण पावसाच्या शेवटी तिथे थांबायलाच हवे.

शेंडीला धरणाची भिंत येते. १९१० मध्ये सुरू झालेले हे दगडी काम १९२६ मध्ये पुरे झाले. तेव्हाचे गव्हर्नर विल्सन यांचे नाव धरणाला मिळाले, तर जलाशयाला आर्थर हिल यांचे. इथून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता निघतो. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, सामरद, रतनवाडी आणि पुन्हा शेंडी, असा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा फेरा. सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. वनखात्याचा नाका लागतो, पण त्यापलीकडे माणसे नाहीत असे मुळीच नाही. महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या अभयारण्य जाहीर झाले त्या १९८६ सालाच्या कितीतरी आधीपासून इथे आहेत. खाचर संपते तिथे जंगल सुरू होते. बांधावर सादडा, त्यामागे हिरडा-बेहडा, आणि त्यांच्याही वर कातळ. सायकलचा आवाज नसल्यामुळे खंड्या तारेवरून हलत नाही, आणि भात राखायला बसलेला पोरगा आपल्याला पाहण्याआधी आपण त्याला पाहतो.

याच झाडांवर मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला काजव्यांची दाटी होते. तेव्हा या अरुंद रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात. काजव्यांचा प्रकाश म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. प्रखर दिव्यांत ती हरवते, गवतात बसलेल्या माद्या पायांखाली जातात. त्या दिवसांत अंधार पडल्यावर या रस्त्यावर एकही मोटार येऊ नये असे माझे ठाम मत आहे. पाहायचेच असेल तर गाड्या शेंडीलाच ठेवाव्यात, गावातल्या माणसाला सोबत घ्यावे, पायी जावे आणि बॅटरी पिशवीत ठेवावी.

उडदावण्यापासून पुढे ढग रस्त्यावर येतात. हँडलच्या पट्टीवर बारीक थेंब साचतात, ब्रेक ओले होऊन कुरकुरतात, कडेच्या उतारांवर सोनकी पिवळी झालेली असते. घाटघरला अहिल्यानगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. एकाच तालुक्यात अकोल्याकडचा कोरडा पूर्वभाग आणि हे भिजलेले टोक. कड्यावर उभे राहिले की कोकणातून वर येणारा वारा सायकल ढकलून देतो. इथला एक थेंब कड्याच्या पश्चिमेला पडला तर अरबी समुद्राकडे जातो आणि पूर्वेला पडला तर प्रवरा, गोदावरी करत बंगालच्या उपसागराकडे. माणसाने या कड्याचाही उपयोग करून घेतला आहे. घाटघर प्रकल्पात वरच्या जलाशयातले पाणी कोकणात सोडून २५० मेगावॉट वीज करतात आणि विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवतात.

घाटघर सोडल्यावर एका पाड्यावर मी पाणी मागायला थांबलो. ओसरीवर नाचणी निवडत बसलेल्या आजीने तांब्या दिला आणि विचारले, "कुठून आला रं बाबा?" संगमनेरहून म्हटल्यावर म्हणाली, "मंग आमचंच पानी पितो तू. चैतात ये, तवा आमाला झिऱ्यावर रातीचं बसावं लागतं. वाटी-वाटीनं हंडा भरायचा." तक्रारीचा सूर नव्हता, ती माहिती देत होती. काळ्या खडकात पाणी मुरत नाही, पाऊस वाहून जातो, आणि विहिरी उन्हाळ्याआधीच तळ गाठतात. धरण नजरेसमोर असून हे. खालच्या कालव्यांच्या पाळ्यांसाठी जेवढ्या बैठका होतात, तेवढ्याच जोराने या पाड्यांच्या हंड्यांसाठी व्हायला हव्यात. खालून चढत आलेल्या माणसाला याचा अंदाज तरी येतो; गाडीतून थेट जलाशयावर उतरणाऱ्याला तो यायचा कसा?

रतनवाडीत अमृतेश्वराचे मंदिर आहे, कोरीव आणि अजून पूजेतले. शेजारी रेखीव पुष्करणी. रतनगडावरून आलेली प्रवरा इथे ओढ्याएवढीच असते. पुढे ती जलाशयात शिरते, निळवंड्याला पुन्हा अडते, ओझरच्या बंधाऱ्यावर डाव्या-उजव्या कालव्यांत वाटली जाते आणि उरलेली प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. मुक्काम शक्यतो रतनवाडीतच, कुणाच्या तरी घरी करावा. नाचणीची भाकरी मिळते आणि पैसे गावात राहतात. कोलटेंभे, मुतखेलवरून शेंडीला परतणारा रस्ता वळणांचा आहे आणि पावसानंतर त्यावर खड्डे असतात, म्हणून तो सकाळी उजेड झाल्यावरच धरावा.