दिसतंय तोवरच पडदा तपासा

पोस्ट जरा लांब आहे. घरात कुणाला शुगर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

माझ्या मामांना १२ वर्षांपासून शुगर. गोळी चुकत नाही, रक्त वेळेवर तपासतात. पण डोळ्याचा पडदा १२ वर्षांत एकदाही तपासला नाही. ज्या दवाखान्यात ते जातात तिथं कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. मी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मले त सब्बन दिसते, डोये कायले तपासू?" आरोग्याच्या बातम्या लिहिणारा मी, पण मीही जोर धरला नाही.

मागच्या महिन्यात पेपरातल्या ओळी त्यांना वाकड्या दिसायला लागल्या. मग सावंगी गाठली.

तिथं आधी थेंब टाकून पडद्याचा फोटो काढला. मग ओसीटी. मग हाताच्या शिरेत रंग सोडून अँजिओग्राफी. मामा वैतागले, "एकाच डोयाचे इतके फोटू कायले?" प्रश्न बरोबर होता. उत्तर समजून घेतलं ते असं.

साधा फोटो म्हणजे पडद्याचा वरून काढलेला नकाशा. बारीक रक्तस्राव, चरबीचे पिवळे ठिपके दिसतात. स्वस्त आणि झटपट. पण पडद्याला आलेली सूज त्यात नीट कळत नाही, आणि मोतीबिंदू असला तर फोटोच धूसर येतो. ओसीटी पडद्याचा उभा छेद दाखवतं, सुई न टोचता. सूज किती, इंजेक्शननं उतरली की नाही, ते इथं कळतं. मामांच्या वाकड्या ओळींचं कारण इथंच सापडलं. अँजिओग्राफीत कोणती रक्तवाहिनी गळते, कुठं रक्तच पोचत नाही, ते दिसतं. त्या रंगानं दिवसभर लघवी पिवळी होते, काहींना मळमळतं, क्वचित ॲलर्जीही येते. म्हणून ती सरसकट करत नाहीत. आता रंगाशिवायची ओसीटी-अँजिओग्राफीही आहे, पण तिच्यात गळती दिसत नाही.

म्हणजे सगळ्यात भारी मशीन कोणतं, हा प्रश्नच चुकीचा. पहिला फोटो गाळणी आहे. पुढची मशीनं त्यातून निघालेल्यांसाठी. आपल्याकडे गाळणीच नाही, माणूस थेट शेवटच्या पायरीवर पोचतो.

गाळणी गावात बसू शकते. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत आरोग्यसेविकेनं मोबाईलला जोडलेल्या कॅमेऱ्यानं फोटो काढले, फोनमधल्याच प्रोग्रामनं इंटरनेटशिवाय ते तपासले. २०१९ साली तो अभ्यास छापून आला. २१३ जणांत पुढं पाठवण्याजोगा एकही रुग्ण सुटला नाही. ज्यांना गरज नव्हती अशांतल्या शंभरातल्या बाराएक जणांनाही 'पुढे दाखवा' असं निघालं, हे खरं. पण एक फेरी वाया गेलेली परवडते, डोळा गेलेला परवडत नाही.

देशातल्या चाळिशीपुढच्या शुगरवाल्यांत शंभरामागे बारा-तेरा जणांच्या पडद्यावर हा आजार आहे, चौघांची नजर धोक्यात आहे. हा आकडा २०२२ सालच्या देशव्यापी अभ्यासातला. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर तपासतात, बीपी बघतात. त्याच रांगेत महिन्यातून एक दिवस असा कॅमेरा का नको? जिल्हा परिषदेच्या सदस्यांना हे विचारायला हवं. मी विचारणार आहे.

मामांना इंजेक्शनं सुरू झालीत. सूज उतरतेय, पण नजर पूर्ववत होईल असं कुणी म्हणत नाही.

आणि हो, माझीही शुगर दोन वर्षांपूर्वी निघाली. नेहमीच्या, मोठेपणी होणाऱ्या शुगरमध्ये निदान झालं त्याच वेळी पडदा बघायचा असतो, मग दरवर्षी. मी मामांसोबत पहिल्यांदा बघितला. जाताना गाडी चालवायला कुणाला तरी सोबत न्या, थेंबांनी काही तास धूसर दिसतं.

आज घरातल्या शुगरवाल्याला एवढंच विचारा: पडद्याचा फोटो शेवटचा कधी काढला?