काटा हलत नाही तेव्हा

पैठणमध्ये जुलै उजाडला की भाजीवाल्यापासून बँकेतल्या कॅशियरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "धरण किती झालं?" गावात पावसाचा थेंब नसतो आणि नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, टक्क्याटक्क्याने चढत असतो. कधी उलटंही होतं. इथे रात्रभर पाऊस झोडपून काढतो आणि सकाळच्या पेपरात टक्का जवळपास कालचाच असतो. पैठणकराला याचं कोडं पडत नाही. धरणात येणारं पाणी मुख्यतः नाशिक-नगरकडच्या डोंगरांत पडलेलं असतं. तिथली धरणं भरल्यावर ते वाहत इथवर पोहोचतं. २०१९ च्या उन्हाळ्यात जायकवाडी मृतसाठ्यात गेलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, मराठवाडा पावसाची वाट पाहत असताना, ते नाशिकच्या पावसावर नव्वद टक्क्यांच्या वर गेलं. आजचा टक्का हा आजच्या आणि इथल्या पावसाचा नसतो, हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही. धरणाशेजारी राहून ते अंगवळणी पडलं.

वजनाच्या बाबतीत मात्र हीच समज आम्हाला सोडून जाते. आज चाललो तर उद्या काट्यावर दिसायला हवं, अशी आपली अपेक्षा असते.

पहाटे गोदाकाठाने बाहेरच्या नाथ मंदिराकडे फिरायला जाणाऱ्या बायकांत मीही असते. माझी रक्तातली साखर मधुमेहाच्या काठावर आली, तेव्हा डॉक्टरांनी वजन कमी करायला आणि रोज चालायला सांगितलं, तेव्हापासून. या वाटेवर नवीन बायका येतात त्या मोठ्या उत्साहाने. पहिल्या काही दिवसांत दीड-दोन किलो उतरतात आणि चेहऱ्यावर हसू येतं. मग काटा थांबतो. महिनाभर तिथेच राहतो, एखाद्या सोमवारी चक्क वर जातो. शेजारच्या वहिनी एकदा चालता चालता थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, भात सोडला, गोड सोडलं, पाय दुखेस्तोवर चालते. कमीच होईना बघा. मग कशासाठी करायचं हे?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तो प्रश्न मी हलक्यात घेऊ शकले नाही, आणि त्याचं उत्तर "नेटाने करत राहा" एवढंच असू शकत नाही.

आधी ते पहिले दोन किलो. यकृतात आणि स्नायूंत शरीर थोडी साखर साठवून ठेवतं आणि त्या साखरेसोबत तिच्या जवळपास तिप्पट पाणी धरून ठेवतं. खाणं कमी झालं की आधी हा साठा वापरला जातो आणि पाणी निघून जातं. म्हणजे सुरुवातीला जे झपाट्याने उतरतं त्यात चरबी थोडी असते, पाणी जास्त. पुढे चरबी उतरू लागते ती फार हळू, आणि तेवढ्यात एखाद्या लग्नातलं खारट जेवण किंवा पाळीचे दिवस किलो-दीड किलो पाणी परत आणून ठेवतात. महिनाभर मेहनतीने उतरलेली चरबी त्या पाण्याखाली झाकली जाते. शिवाय हलक्या झालेल्या शरीराला ऊर्जाही कमी लागते. भूक वाढते, दिवसभराच्या बारीकसारीक हालचाली नकळत कमी होतात. शरीर आपला साठा राखायला बघतं. यात बाईचा आळस नाही की मनाचा कच्चेपणा नाही.

अमेरिकेतले संशोधक केविन हॉल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक हिशेब मांडला, तो मला फार आधार देणारा वाटतो. जास्त वजनाच्या प्रौढ माणसाने रोजच्या खाण्यातून कायमच्या साधारण २४ कॅलरी कमी केल्या, तर त्याचं वजन शेवटी एक किलोने उतरतं. पण त्यातलं निम्मं उतरायला वर्ष लागतं आणि जवळजवळ सगळं उतरायला तीन वर्षं. आपल्या घरात हा हिशेब करून पाहा. दिवसाच्या दोन कप चहातली एकेक चमचा साखर सोडली, तर चाळीसेक कॅलरी वाचतात. म्हणजे शेवटी दीड किलोच्या आसपास, आणि पहिल्या वर्षी त्यातलं पाऊणएक किलो. वर्षाला पाऊण किलो! आठवड्याच्या आठवड्याला काट्यावर चढणाऱ्याला ते दिसणार तरी कसं? पण ते घडत असतं.

वहिनींना मी सांगितलं ते चेन्नईबद्दल. तिथले मधुमेहतज्ज्ञ डॉ. ए. रामचंद्रन यांनी साखर काठावर असलेल्या ५३१ लोकांचा सुमारे तीन वर्षं पाठपुरावा केला. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला होता त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना या काळात मधुमेह झाला. ज्यांनी रोज अर्धा तास भरभर चालणं सुरू केलं, साखर, मैदा, तेलतूप आवरलं आणि भाज्या-डाळी वाढवल्या, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांच्या थोडं वर राहिलं. आणि या दुसऱ्या गटाच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडलेला नव्हता. काट्याने त्यांना काहीच शाबासकी दिली नाही, तरी त्यांच्यातले कितीतरी जण मधुमेहापासून वाचले. अमेरिकेत २००२ मध्ये असाच मोठा अभ्यास झाला. तिथे वजनही उतरलं आणि मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. वजन उतरलं तर उत्तमच, यात वाद नाही. पण आपल्याकडच्या माणसाने चेन्नईचा आकडा जवळ ठेवावा.

आपल्या शरीराची घडणही वेगळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. उंचीच्या मानाने वजन तेच, आत मात्र दुपटीहून अधिक फरक. म्हणून आपल्या लोकांसाठी वजनापेक्षा पोटाचा घेर जास्त खरं सांगतो. शिंप्याचा टेप दहा-वीस रुपयांत मिळतो. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाचा ९० च्या वर गेला की सावध व्हायचं, असं आपल्याकडे धरतात. चालणाऱ्याचे स्नायू टिकतात, पोटातली चरबी आधी हलते. काटा जागेवर असताना टेप एक-दोन सेंटिमीटर आत आलेला मी पाहिला आहे. तसंच 'तीन महिन्यांची साखर', ज्याला डॉक्टर एचबीएवनसी म्हणतात. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून ही तपासणी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. कालच्या पुरणपोळीने ती बिघडत नाही आणि एका दिवसाच्या उपासाने सुधारतही नाही.

उपासाचा विषय निघालाच आहे तर सांगते. 'एकादशी, दुप्पट खाशी' हे आपल्या म्हाताऱ्या माणसांनी उगाच म्हटलेलं नाही. साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, तूप, तळलेले पापड असा उपास आठवड्यातून दोनदा करणाऱ्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत, आणि त्या मनापासून मानतात की आपण कमी खातो. त्याहून अवघड गोष्ट आहे स्वयंपाकघराची. सगळ्यांचं जेवण झाल्यावर पातेल्यात उरलेला भात, पोरांनी टाकलेली अर्धी पोळी, "वाया जाईल" म्हणून बाईच्या पोटात जाते. तिने स्वतःसाठी वेगळी ज्वारीची भाकरी आणि मूठभर जास्त भाजी करायची म्हटलं, की घरातलं कुणीतरी सहज बोलून जातं. कार्यात पंगतीला बसली की "एवढ्याने काय होतंय" म्हणत ताटात जिलबी पडते. आणि खरंच बारीक झाली तर? "आजारी होतीस का गं?" एकाच बाईने स्वतःच्या इच्छाशक्तीवर हे सगळं पेलावं, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

म्हणून माणूस टिकतो तो निश्चयापेक्षा सोबतीने, असं माझं ठाम मत झालं आहे. ज्येष्ठात संत एकनाथांची पालखी इथून पंढरपूरला निघते. एरवी बाजारापर्यंत रिक्षा करणाऱ्या, गुडघे धरून बसणाऱ्या बायका दिंडीत दिवसच्या दिवस चालतात. श्रद्धा असतेच, पण पुढे एक आणि मागे एक चालणारी बाईही असते. सकाळी कुणीतरी दाराशी हाक मारणार आहे हे माहीत असलं की उठवतं. वहिनी दोन दिवस आल्या नाहीत तर मी त्यांच्या दारात जाते. मी आले नाही तर त्या माझ्या दारात येतात. काट्याचा आकडा आम्ही एकमेकींना विचारत नाही. झोप लागली का, जिना चढताना धाप लागते का, साखर किती आली, एवढंच बोलणं होतं.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची आहे. मनापासून आहार सांभाळून, चालूनही कित्येक महिने वजन आणि घेर दोन्ही हलत नसतील, उलट थकवा वाढत असेल, तर थायरॉइड तपासून घ्यावं, चालू असलेली औषधं डॉक्टरांना दाखवावीत. जेवण तोडून तोडून स्वतःला शिक्षा करू नये. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळही बदलू नये.

आणि घरच्यांना एक विनंती. तुमच्या घरात कुणी असं कष्ट घेत असेल, तर "किती किलो उतरलं?" हे विचारणं कृपा करून थांबवा. उद्या पहाटे चपला घाला आणि अर्धा तास तिच्याबरोबर चाला.