निळी रेषा

आमच्या अंगणातून एक रेषा जाते, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळले. तोवर मी तिच्यावरून दिवसातून दहा वेळा ये-जा करीत होतो, तिच्यावर उभा राहून तुळशीला पाणी घालीत होतो, आणि तिचा मला पत्ता नव्हता.

त्याचे असे झाले. माझ्या मुलाच्या मनात घरावर आणखी एक मजला चढवायचे आले. त्यासाठी २०२४च्या मे महिन्यात तो महापालिकेतून नकाशाची एक प्रत घेऊन आला. जेवणाच्या टेबलावर ती पसरून आम्ही दोघे तिच्यावर वाकलो. चिंचवडगाव सापडले, मोरया गोसावींची समाधी सापडली, तिच्या शेजारून गेलेली पवना सापडली. नदीच्या दोन्ही अंगांना दोन रेषा काढल्या होत्या. एक निळी आणि तिच्या पलीकडे एक लाल. मुलगा म्हणाला, "निळीच्या आत पंचवीस वर्षांतून एकदा पूर येतो असं धरतात, आणि लालच्या आत शंभर वर्षांतून एकदा." मी आमचे घर शोधले. घर निळीच्या बाहेर होते. मग मुलाने बोट जरा खाली सरकवले. घरामागच्या उतारावर भाड्याने देण्यासाठी मी बांधलेल्या तीन खोल्या निळीच्या आत होत्या. रेषा बरोबर तुळशीवृंदावनावरून गेली होती.

"आपलं घर सुटलं," मुलगा म्हणाला. "सुटलो बुवा," मीही म्हणालो, आणि नकाशाची घडी केली. 'आपलं' या शब्दात कोण कोण येते, याचा विचार त्या दिवशी माझ्या मनात आला नाही. तो जुलैत आला.

त्या खोल्या मी १९९८ साली बांधल्या. नदीकडचा तो तुकडा कोणी घेत नव्हते म्हणून स्वस्त मिळाला होता. पवनेला पूर आला की मोरया गोसावींच्या देवळात पाणी शिरते, हे चिंचवडात लहान पोरालाही ठाऊक असते; मलाही होते. पण कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांना खोल्या हव्या होत्या आणि मला चार पैसे हवे होते. वरच्या आळीत जिला आठ हजार पडत, तसल्या खोलीचे मी साडेचार हजार घेई, आणि मनातल्या मनात स्वतःला उदार समजे. हे साडेतीन हजार माझ्यामुळे कमी नव्हते, नदीमुळे कमी होते, हे कळायला मला नकाशा लागला.

शेवटच्या खोलीत आष्टी तालुक्यातला एक मुलगा, त्याची बायको आणि दोन वर्षांची मुलगी अशी तिघे राहत. माझे मूळ गावही त्याच तालुक्यातले, म्हणून तो मला हक्काने काका म्हणे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तो हेल्पर होता. म्हणजे कंपनीच्या फाटकातून तो रोज आत जाई. पण कंपनीच्या पटावर त्याचे नाव नव्हते. ते कंत्राटदाराच्या वहीत होते, आणि सात महिने भरले की ब्रेक देऊन त्या वहीतूनही निघत होते. ब्रेक संपला की पुन्हा पहिला दिवस.

त्याच्याकडे पाहिले की मला माझे वडील आठवत. तेही त्याच मातीतून, त्याच कारणाने निघाले होते. १९७२ साली पाऊस गेला. आई आणि वडील दोघेही सरकारी कामावर खडी फोडायला जात. मी बारा वर्षांचा होतो. कामावर मिळणाऱ्या सुकडीची आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीची चव अजून माझ्या जिभेवर आहे. ती चांगली नव्हती. पण आम्ही जगलो, आणि १९७३ साली एका नातलगाचा पत्ता खिशात घालून वडील पिंपरीला आले.

पिंपरीला तेव्हा माणसे हवी होती. १९५४ साली स्थापन झालेला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना होताच. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि माळावर एकामागून एक शेड उठू लागल्या. वडील एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि दोन वर्षांत कायम झाले. 'कायम' हा शब्द आमच्या घरात देवाच्या नावासारखा उच्चारला जाई. त्याच्या पोटात प्रॉव्हिडंट फंड होता, ईएसआयचे कार्ड होते, युनियन होती, सोसायटीचे कर्ज होते. पुढे एकदा वडिलांचा हात मशीनमध्ये सापडला आणि दोन बोटे गेली. ते चार महिने घरी बसून होते. तरी चूल रोज पेटत होती आणि माझे कॉलेज एक दिवसही बुडाले नाही. संकट आमच्याही घरी आले. पण त्याला आत येण्यापूर्वी पाच-सहा दारे ओलांडावी लागली, आणि तोवर ते दमले.

२४ जुलै २०२४च्या रात्री पाऊस थांबेना. पहाटे तीनच्या सुमारास मागच्या दारावर थापा ऐकू आल्या. कडी काढली, तर खालच्या तिन्ही खोल्यांतली माणसे दारात उभी. आष्टीच्या मुलाच्या खांद्यावर झोपलेली पोर होती, त्याच्या बायकोच्या हातात गॅसची शेगडी. "काका, पाणी गुडघ्याला लागलं," एवढेच तो म्हणाला. माझ्या बायकोने चहा ठेवला, सतरंज्या काढल्या. सकाळी उजाडल्यावर पाहिले, तर खाली खिडकीच्या कठड्यापर्यंत पाणी होते आणि इकडे ते तुळशीच्या पायरीशी येऊन थांबले होते. सरकारी रेषेचा अचूकपणा पाहून मला हसू आले आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली.

पाऊस सगळ्यांवर सारखाच पडला, असे आपण म्हणतो. मी हिशेब मांडून पाहिला. माझी पाणी चढवायची मोटर जळाली. तिसऱ्या दिवशी नवी बसवली. त्याचे गावाकडून आलेले ज्वारीचे पोते भिजले, गाद्या गेल्या, मिक्सर गेला, पत्र्याच्या पेटीतले आयटीआयचे सर्टिफिकेट लगदा होऊन गेले. चार दिवस चिखल उपसण्यात गेले. पाचव्या दिवशी तो चाकणला गेला, तेव्हा त्याच्या मशीनवर दुसरा मुलगा उभा होता.

"थोडीफार शिल्लक असेल ना?" मी विचारले. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "होती काका. ती कांद्यात गेली." गावाकडे त्याच्या बापाचा दीड एकर कांदा होता. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव कोसळले. बंदी मे महिन्यात उठली, तोवर त्यांचा कांदा कधीच विकून झाला होता. बियाण्याचे आणि खताचे देणे याने आपल्या शिलकीतून भागवले. मला आठवले, त्या डिसेंबरात कांदा उतरला म्हणून मी दहा किलो कांदे पिशवीत भरून आनंदाने घरी आलो होतो. त्याच मुलाने ती पिशवी माझ्या हातातून घेऊन पायरीपर्यंत आणून दिली होती.

ऑगस्टात त्याच्याबरोबर मी चाकणला कंत्राटदाराकडे गेलो. मी भोसरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात नोकरी काढलेली. वाटले, आपला शब्द चालेल. कंत्राटदार तिशीतला, बोलायला गोड. जवळच्याच गावचा, बापाची जमीन कारखान्यांसाठी गेली, त्या पैशांतून त्याने हा धंदा उभा केला होता. मला आधी त्याचा राग आला होता, तो त्याच्यासमोर बसल्यावर टिकला नाही. तो म्हणाला, "काका, कंपनी माझं बिल तीन महिन्यांनी देते, आणि एक माणूस कमी पडला तर त्याच दिवशी पैसे कापते. मी कुणाची जागा कशी धरून ठेवू?" त्याच्या वरच्या कंपनीला तिच्याही वरच्या कंपनीची भीती, तिला परदेशातल्या गिऱ्हाइकाची. प्रत्येकजण आपल्या डोक्यावरचे ओझे उतरवून खालच्याच्या डोक्यावर ठेवीत होता. सर्वांत खाली जो उभा होता, त्याला ते उतरवायला जागा नव्हती.

परतताना आम्ही चाकणचा भुईकोट पाहिला. त्या मुलाने तीन वर्षांत तो पाहिला नव्हता. १६६० साली शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने थोड्या माणसांनिशी हा संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने झुंजवला. दिवस पावसाळ्याचेच होते. तोफांना तट दाद देईना, तेव्हा मोगलांनी खालून भुयार खणले आणि बुरुज सुरुंगाने उडवला. उरलेल्या भिंतीपाशी उभे राहून मी हे त्याला सांगत होतो, आणि सांगता सांगता थबकलो. माणसांच्या पायाखाली भुयारे मीही खणली होती.

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत एक बँक बुडाली. डिसेंबरात भोसरीत मी यादी करीत होतो. ट्रकांची मागणी बसली होती, आठवड्यातून तीन दिवस कारखाना बंद ठेवायचा हुकूम होता. कायम कामगार ब्लॉक क्लोजरची नोटीस वाचून कुरकुरत घरी गेले आणि पुन्हा आले. कंत्राटातल्या शंभरावर माणसांना नोटीसही लागली नाही. मी पटावरच्या नावांपुढे लाल शाईने फुल्या मारल्या. २०१९च्या मंदीत आणि २०२०च्या टाळेबंदीत तेच पुन्हा झाले, तेव्हा मी निवृत्त होतो; फुल्या दुसऱ्या कोणीतरी मारल्या. अमेरिकेतली बँक भोसरीतल्या सर्वांसाठी बुडाली होती. कोणी बुडायचे हे मात्र इथल्या पटावर आधीच लिहून ठेवले होते.

देशांचेही काही वेगळे नसावे. १९७०च्या नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरातले एक वादळ आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर चढले आणि निदान तीन लाख माणसे गेली. मे २०२० मध्ये त्याच उपसागरातून अम्फान आले. तेही महाभयंकर होते; पण या वेळी वीस लाखांवर लोकांना आधीच निवाऱ्यांत हलवले होते, आणि बांगलादेशातल्या मृतांचा आकडा शंभरापर्यंतही गेला नाही. समुद्र तोच आणि किनारा तोच. देशही काही श्रीमंत झाला नव्हता. त्याने उंचावर पक्क्या इमारती बांधल्या होत्या आणि गावोगाव भोंगे घेऊन फिरणारी माणसे तयार केली होती.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचे? १९७२च्या दुष्काळात आम्ही का जगलो, हे मला पन्नास वर्षांनी वाचून कळले. त्याच सुमारास आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातही पाऊस गेला होता, आणि तिकडे माणसे मोठ्या संख्येने मेली. ज्याँ ड्रेझ या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे की, महाराष्ट्रात त्या वेळी माणशी धान्य काही तिकडच्यापेक्षा जास्त नव्हते. फरक एवढाच की इथे १९७३च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. माझ्या आईच्या हातात हातोडा होता आणि आठवड्याला मजुरी होती. ते काम कोणी दया म्हणून दिले नव्हते. त्यासाठी मोर्चे निघाले होते, घेराव झाले होते. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी पुढे १९७७ साली कायदा झाली. म्हणजे आम्हाला वाचवणारे दारही कोणीतरी भांडून बसवलेले होते. लहानपणी मी फक्त मिलोच्या भाकरीला नावे ठेवीत होतो.

त्या मुलाला दोन महिन्यांनी दुसऱ्या कंत्राटदाराकडे काम मिळाले. पगार थोडा कमी, आणि सात महिन्यांची मोजणी पहिल्यापासून. २०२५च्या उन्हाळ्यात आमचा वरचा मजला पुरा झाला. मुलाला त्याचे बारा हजार भाडे येणार होते. आमचा थोडा वाद झाला. शेवटी त्यातली एक खोली आष्टीच्या कुटुंबाला जुन्याच भाड्याने दिली. मुलगा अजून त्याबद्दल माझ्याशी फारसे बोलत नाही.

खालच्या खोल्या मात्र बंद करायच्या असे मी ठरवले होते. बुलढाण्याकडची एक बाई मधल्या खोलीत राहते. तिला हे सांगायला गेलो. ती कपडे पिळीत होती. पिळता पिळता म्हणाली, "काका, इथून काढलं तर आम्ही याच्याही खालीच जाणार. याच्या खाली तर नदीच आहे."

मी परत आलो. आता तिथे भिंतीवर, जिथवर पाणी चढले होते तिथे, निळ्या रंगाची एक पट्टी ओढली आहे, आणि तिच्या वर सामान ठेवायला फळ्या ठोकून दिल्या आहेत. नवा भाडेकरू आला की आधी त्याला ती पट्टी दाखवतो. शेवटच्या खोलीत नवी माणसे आली आहेत. तिन्ही खोल्या भरलेल्या आहेत. पावसाळ्याच्या रात्री मी मागच्या दाराला कडी घालीत नाही. भाडे मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला घेतो.