झाशीची थंडी आणि पायाखालची ऊब

लडाख केलेल्या माणसाला झाशीची थंडी ती काय, असं गावाकडे सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांनी जानेवारीतली एक रात्र इथे काढावी. सिविल लाइंसमधली जुनी घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. जाड भिंती, उंच छत, दगडी फरशी. मे महिन्यात 45 अंशांत हीच फरशी जीव वाचवते. जानेवारीत पारा 6-7 वर आला, की तीच तळपायातून हाडांत शिरते.

माझे घरमालक इथल्या जुन्या मराठी कुटुंबातले. काकूंचे गुडघे धरतात, म्हणून रात्री दार लावून खोलीत कोळशाची अंगीठी ठेवायच्या. फौजेत बर्फाळ पोस्टवर पहिला हुकूम असतो, की बंद जागेत बुखारी पेटती ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. काकूंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "मग थंडीनं मरू का रे?" प्रश्न रास्त होता.

त्यांचा मुलगा कॅनडात असतो. त्याच्या घरी फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरतं. काकांनी मला विचारलं, "इथे हे उन्हावर चालेल का?"

चालतं, आणि त्याचं कारण सोपं आहे. भिंतीवरच्या रेडिएटरला बहुधा 60-70 अंशांचं पाणी लागतं. फरशी खोलीभर पसरलेली, म्हणून तिला 35-40 अंशांचं कोमट पाणी पुरतं. फरशीचा पृष्ठभाग 29 अंशांच्या वर नेतही नाहीत. एवढं पाणी छतावरचा सोलर हीटर सहज देतो. शिवाय आपण अनवाणी वावरणारी, मांडी घालून बसणारी माणसं. कोरियातले लोकही जमिनीवर बसतात-झोपतात, आणि चुलीचा धूर फरशीखालून नेऊन घर गरम ठेवायची त्यांची रीत शतकांची आहे.

जमिनीतल्या उष्णतेचंही काकांनी विचारलं. लडाखमध्ये पुगा इथे 14,000 फुटांवर उकळते झरे आहेत. तिथे वीज करण्यासाठी ओएनजीसीने 2021 मध्ये करार केला. झाशीखाली तसं काही नाही. इथे काही मीटर खोल माती वर्षभर साधारण 25 अंशांवर असते. त्या उष्णतेसाठी बोअर आणि हीट पंप लागतो. पाच-सहा आठवड्यांच्या थंडीसाठी तो खर्च परवडत नाही.

मग कागदावर हिशेब केला. टाकी 200 लिटरची. पाणी 50 अंशांवरून 30 वर येईपर्यंत साडेचार युनिटांहून थोडी जास्त उष्णता देतं. दहा बाय बाराच्या खोलीला तासाला अर्धा युनिट धरला, तर रात्र निघते. म्हणजे एक खोली, अख्खं घर नव्हे. आणि दाट धुक्याचे दिवस आले, की ऊन नेमकं गरजेच्या वेळी दडी मारतं. त्या दिवसांसाठी टाकीत विजेचा हीटर हवाच.

लडाखचा खरा धडा वेगळाच आहे. सोनम वांगचुक यांनी 2021 मध्ये जवानांसाठी सौर तंबू केला. बाहेर उणे 14 असताना रात्री दहाला आत 15 अंश होते. त्यात इंधन जळत नव्हतं. दिवसाचं ऊन आत साठवायचं आणि रात्री बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढंच. म्हणून आधी काकूंच्या दाराखालची फट बुजवली, दक्षिणेच्या खिडकीचा पडदा दिवसभर बाजूला ठेवला. मगच फरशी उखडली.

तुमच्यापैकी कोणी रिटायरमेंटच्या पैशांतून हे करणार असाल, तर मिस्त्रीला तीन गोष्टी विचारा. नळ्यांखाली उष्णतारोधक थर घालणार का? नाहीतर ऊब खाली मातीत जाते. कोब्याच्या पोटात जोड ठेवणार का? एक खोली, एक सलग नळी. आणि कोबा घालण्याआधी पाणी दाबाने भरून गळती तपासणार का?

काकूंची खोली आता 20 अंशांच्या आसपास राहते. धुक्यात विजेचं बिल वाढतं, काका कुरकुरतात. अंगीठी अंगणात गेली आहे. तिच्यावर भरताची वांगी भाजतात.

जय हिंद.